पिशवीभर माती

दादासो सुभेदार विट्याच्या बाजाराला गेल्याची खात्री करून कोंडीबाने भर दुपारी त्यांच्या मळ्यातली पिशवीभर काळी माती उचलली. घरी आला तेव्हा त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला होता. बायकोने, भामाबाईने, पिशवीत डोकावून पाहिलं.

"आवं, ही कुनाची माती?"

"सरकारला दावायची हाय."

"आन आपली कुटं गेली?"

"आपली दावायजोगी हाय व्हय? निम्मा मुरूम, निम्मी गारगोटी!"

कोंडीबाचं म्हणणं सरळ होतं. शेतकी खात्याचे साहेब सांगून गेले होते, की प्रत्येकाने आपल्या रानातली माती पंचायतीत आणून द्यावी. ती तपासून कुणाच्या रानाला माती अडवणाऱ्या दगडी ताली घालायच्या ते ठरेल. कोंडीबाचं रान डोंगराच्या उताराला. दर पावसात तिथली माती ओढ्याला जायची आणि मागे उरलेल्या दगडांत त्याने बाजरी पेरायची. ताली पडल्या तरच रान तगणार होतं. नाही तर बापासारखं मेंढरांमागे मुलूखभर हिंडणं आलं, आणि मेंढरं तर दुष्काळातच संपली होती. पण असल्या भिकार रानावर सरकार खर्च कशाला करील? मुलगी दाखवायची असली की शेजारणीची बोरमाळ मागून आणतातच. तशी त्याने माती आणली. फक्त मागायची राहिली.

संध्याकाळी सुभेदार परतले आणि त्यांना मळ्यात खड्डा दिसला. दुसऱ्याच्या रानातली माती नेली की त्या रानाची बरकतही नेली, हे त्या गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. सुभेदार लढाईत तोफांपुढे उभे राहिलेले, पण वाटेत लिंबू दिसलं तर वळसा घालून जायचे. ते पारावर येऊन गरजले, "माज्या रानावर करनी केली कुनीतरी! येत्या आयतवारी बिरोबाच्या देवळात हरेक गड्यानं भंडारा उचलायचा. माती नेली न्हाई म्हनून द्येवाची शपथ घ्यायची. बगू कोन खोटं बोलतोय!"

कोंडीबा पारावरून तडक घरी आला. बिरोबाचा भंडारा खोटा उचलायचा? त्याच्या चुलत्याने एका बकऱ्यापायी उचलला होता आणि महिन्याच्या आत त्याचं तोंड वाकडं झालं होतं. डॉक्टर म्हणाला, तोंडावरून वारं गेलं. पण डॉक्टर पडला परगावचा, त्याला बिरोबा काय माहीत!

"सुभेदारास्नी खरं सांगून मोकळं व्हा," भामाबाई म्हणाली.

"त्येंच्याकडं बंदूक हाय!"

"मग माती परत टाका."

"ती दुपारीच सरकारात गेली की!"

"मग चार दिस माज्या म्हायेराला जावा."

"म्हंजे पळालो म्हनून मीच चोर!"

त्याला भाकर गोड लागेना. आरशात बघून तो सारखं तोंड चाचपू लागला.

रविवारी सगळा गाव देवळापुढे जमला. सगळे एका जागी सापडतील म्हणून शेतकी साहेबही मातीचा निकाल घेऊन नेमके त्याच दिवशी आले. सुभेदारांनी त्यांना देवळातल्या ओट्यावर बसवलं. "आदी देव, मग सरकार," ते म्हणाले आणि भंडाऱ्याच्या परडीजवळ मिशा पिळत उभे राहिले.

गडी एकेक करून चिमूटभर भंडारा उचलत होते, "मी न्हाई नेली" म्हणत होते आणि ताठ मानेने बाहेर पडत होते. कोंडीबा मुद्दाम शेवटी उभा होता. पण शेवटही येतोच. देवळात तो, सुभेदार आणि साहेब एवढेच उरले. त्याने हात पुढे केला. तोच डाव्या गालाला मुंग्या आल्यासारखं झालं.

"अहो, माझी एसटी चुकेल," साहेब कंटाळून म्हणाले. "तुमचं चालू द्या, मी निकाल सांगतो. कोंडीबा कोण? तुमची जमीन उत्तम. काळीभोर, कसदार. तुम्हाला तालींची काही गरज नाही. ताली फक्त वाहून चाललेल्या जमिनीला."

कोंडीबाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. देव गेला होताच, आता रानही गेलं.

"आणि पहिल्या ताली दादासो सुभेदारांना. फार वाईट जमीन हो! नुसता लाल मुरूम आणि पांढऱ्या गारगोट्या."

कोंडीबाचा हात परडीवरच थांबला. लाल मुरमात पांढरी गारगोटी साऱ्या शिवारात एकाच रानात होती. ती वेचून वेचून त्याच्या बोटांची सालटी निघाली होती. त्याने हळूच मान वर केली.

"सुभेदार," तो पुटपुटला, "आदी तुमी उचला."

सुभेदारांचे दोन्ही हात पाठीमागे गेले. मिशा खाली आल्या.

"हळू बोल गड्या," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "चांगली जमीन लिवली तर सरकारला घालायची लेव्हीची जवारी वाढंल, म्हनून… आन माजी माती?"

"मीच न्हेली."

दोघांनी एकदमच बिरोबाकडे पाहिलं आणि एकदमच नजर खाली घातली. मग सुभेदार खाकरले. "साहेब, पिशव्यांची अदलाबदल झालीया. मुरूम ह्येचा, काळी माती माजी. ताली ह्येच्या रानात पायजेत."

आता साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अदलाबदल? परत? मागच्या गावातही माझ्या हातून असाच घोटाळा झाला होता!" त्यांनी घाईघाईने कागदावर खाडाखोड केली, बाहेर कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हात जोडले. "वर कळलं तर माझी नोकरी जाईल हो! पोराबाळांचा धनी आहे मी. कोंडीबा, ताली तुमच्याच. पण पिशव्या कशा बदलल्या ते जन्मात कुणाला सांगणार नाही, एवढी दोघांनी या देवासमोर शपथ घ्या."

शब्द पुरा व्हायच्या आत कोंडीबा आणि सुभेदार या दोघांनी परडीत हात घातले आणि मूठ मूठ भंडारा उचलला.