कंबर कापलेली तुळई

मोरवळ्याच्या नव्या इमारतीतल्या पोलादी तुळईने सोमवारी सकाळी खांबाशी जोडून घ्यायला नकार दिला. साइटवर सगळे तिला बीम म्हणत. तिला तुळई म्हटलेलं आवडे. क्रेनने तिला वर नेलं, वेल्डरने डोळ्यांवर काच ओढली, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा."

ठेकेदार सर्जेराव घार्गे वर गेले. "काय अडचण आहे?"

"माझ्या दोन्ही टोकांजवळ कडा कापून कंबर बारीक केली आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा मी धडधाकट होते."

सर्जेरावांना हे रास्त वाटलं. "एवढंच ना? पट्ट्या मारून कंबर भरून देतो," म्हणाले. पण आधी त्यांनी डिझाइन करणाऱ्या मृणालबाई खटावकरांना फोन लावला. त्या कऱ्हाडहून तडक आल्या.

"पट्टी लावायची नाही," मृणालबाई म्हणाल्या. "कंबर मीच कापायला लावली. मोठा भूकंप झाला तर तू तिथेच वाकायचंस."

"आणि हा खांब?" तुळईने विचारलं.

"त्याने वाकायचं नाही."

"मी कुणापुढे वाकत नाही," खांब म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"बघा," तुळई म्हणाली. "वाकायचं ते आम्हीच."

मृणालबाईंच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "तू वाकलीस तर एक तुळई बदलावी लागेल. तो वाकला तर वरचे मजले खाली येतील. आणि कंबर भरली, तर तुला वाकायला जागाच उरणार नाही. तुमचा जोड तटकन तुटेल."

"माझ्याखाली कोण राहणार आहे?"

"बाळंतिणी. दवाखाना आहे हा."

तुळई सर्जेरावांकडे वळली. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

सर्जेराव हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले.

ती तयार झाली, पण एका अटीवर: वाकल्यावर तिला कुणी कमजोर म्हणायचं नाही. मृणालबाईंनी सगळ्यांच्या वतीने शब्द दिला. खांबाकडून तो वेगळा वदवून घ्यावा लागला. मग वेल्डिंग झालं.

दवाखाना सुरू झाल्यावर काही वर्षांनी, भर दुपारी जमीन हादरली. पलंग सरकले, सलाइनच्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. तुळई कंबरेत वाकली. खांब उभा राहिला. साऱ्या बाळंतिणी बाळं छातीशी धरून आपल्या पायांनी बाहेर आल्या. एकीचं बाळ तर जागंही झालं नाही.

पाहणीला आलेल्या साहेबांनी तुळईला विचारलं, "किती वाकलात?"

"ठरलं होतं तेवढंच."

तिला उतरवून सर्जेरावांच्या गोदामामागे करंजाच्या सावलीत ठेवलं. नवी तुळई आली, तेव्हा खांबाने तिच्याशी जोडून घ्यायला नकार दिला.

"आधी तिला भेटून येतो," तो म्हणाला.

"अहो, तोवर मजला कोण धरणार?" सर्जेराव हबकले.

मृणालबाईंनी टेकू लावून दिले. खांब सकाळी गेला आणि दिवेलागणीला परतला. पायाची माती झटकून तो आपल्या जागी उभा राहिला.

"कशी आहे?" मृणालबाईंनी विचारलं.

"अजून वाकडीच आहे," खांब म्हणाला, आणि वेल्डरला त्याने काम सुरू करायला सांगितलं.