मावशींची पिस्तुलवाली बाई

आमच्या शेजारच्या कमलमावशी गवार निवडता निवडता मारामारीचे सिनेमे बघत. पडद्यावर गोळी सुटली की इकडे शेंग मोडायची. मावशी सत्तरीच्या, गावी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता सिंगापुरात बुकित बातोकला मुलाकडे, सुधीरकडे, राहायला आलेल्या. त्यांना नाद लागला होता सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी सिनेमांचा. कृष्णवर्णीय नायिका, केसांचा भलामोठा गोल घेर, कानांत बांगडीएवढ्या रिंगा आणि हातात पिस्तूल. दीड तासात ती गल्लीतले सगळे गुंड लोळवायची.

मावशी तिला नुसतं ‘बाई’ म्हणत.

“कथेला शेंडा ना बुडखा, संजय,” त्या मला सांगत, “पण बाई कोणाला विचारून घराबाहेर पडत नाही बघ!”

“आजी, सो फेक ला!” नात सोफ्यावरून ओरडायची.

“असू दे फेक. तू गप्प बस.”

नायक मदतीला धावला, की तेवढा भाग मावशी रिमोटने पुढे ढकलत.

एकदा कुठल्याशा फिल्म क्लबात असला सिनेमा मोठ्या पडद्यावर लागणार होता. “रविवारी चारला. येशील माझ्याबरोबर? खाली भेटू.”

“हो हो, जाऊ या की, मावशी!” मी म्हणालो. लग्नात भेटलेल्या दूरच्या नातेवाइकाला आपण “या एकदा घरी” म्हणतो ना, तसं.

रविवारी पाया लेबारला मित्रांबरोबर जेवून मी रमतगमत सहाला परतलो. ब्लॉकखालच्या बाकावर मावशी बसलेल्या. नारायणपेठी साडी, मांडीवर पर्स, पाण्याची बाटली. तेव्हा कुठे मला चारचा सिनेमा आठवला.

“अगंबाई, आलास? मी आपली वाऱ्याला बसले होते.”

“मावशी, फोन तरी करायचा! नाहीतर पुढे जायचं, सरळ एमआरटीची गाडी आहे.”

“कामात असशील म्हटलं. आणि एकटी कुठे गेलेच नाही रे कधी. शाळेतसुद्धा हेच सोडायचे.” त्या पर्सचा बंद चाचपत राहिल्या. “वर गेले असते, तर सुधीर तुला बोलला असता. आता आपण सिनेमा बघून आलोय, कळलं?”

वर सुधीरने विचारलं, “कसा होता पिक्चर?”

मावशींनी अख्खी गोष्ट हातवारे करून सांगितली. त्यात मला शेजारी बसवलं, मध्यंतरात माझ्याकडून कॉफीही घेतली. मी मान डोलावत राहिलो. पुढच्याच महिन्यात त्या गावी परतल्या. त्या गोष्टीतला संजय फार चांगला मुलगा होता. एक रविवार मला तसं वागता आलं नाही, याची अजून लाज वाटते.