टीव्हीच्या काचेवरचं टेनिस

आमच्या सोसायटीत वानखडे काका दिसले की लोक हात खिशात घालायचे. मी कोथरूडला नवीन राहायला आले होते, मला हे कुणी सांगितलं नव्हतं. गॅलरीत उभी राहून काठीने ओली चादर वरच्या दोरीवर टाकत होते, तेवढ्यात खालून पार्किंगमधून आरोळी आली, "थांबा वहिनी! तशाच थांबा! हलू नका!"

मला वाटलं, डोक्यावर पाल-बिल आहे. मी श्वास रोखून उभी. चादरीचं पाणी कोपरावरून थेट ब्लाउजमध्ये चाललेलं. खाली एक टकलू गृहस्थ, डोळ्यांसमोर दोन्ही हातांची चौकट धरून माझ्याकडे बघतायत. "वा बाप्पा! कोपर कानाच्या वर, खांदा मोकळा. हीच तर सर्व्हिस! फक्त मनगट रिजेक्ट."

"आधी मला चादर टाकू द्या, मग पास-नापास ठरवा," मी म्हटलं. ते मनापासून हसले. पुण्यात माझ्या बोलण्याला मनापासून हसणारा माणूस विरळा, म्हणून माझा राग तिथेच अर्धा उतरला.

काका मूळचे अकोल्याकडचे. चिंचवडच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायला होते. बाहेरच्या देशातून नवीन यंत्रं आली, ती माल बनवायची आणि स्वतःच तपासायची. काकांच्या हातात स्वेच्छानिवृत्ती आली. 'स्वेच्छा' कुणाची होती ते कुणी विचारू नये. काकू आम्ही यायच्या आधीच गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. पण तपासणी काही सुटली नाही. आमची आमटी रिजेक्ट, सेक्रेटरींची सही रिजेक्ट, गणपतीच्या आरतीतल्या टाळ्या रिजेक्ट.

त्यातच केबल आलं आणि काकांना टेनिस सापडलं. आयुष्यात रॅकेट हातात धरली नव्हती हो! पण बुधवार पेठेतून एक व्हीसीआर आणला आणि दुनियेतल्या मोठमोठ्या खेळाडूंच्या मॅचेस टेप करायला लागले. मॅच कोण जिंकलं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. फटका आला की चित्र थांबवायचं, टीव्हीच्या काचेवर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा आणि स्केचपेनने खेळाडू उतरवून घ्यायचा. मग चित्र इवलंसं पुढे सरकवायचं, पुन्हा कागद, पुन्हा खेळाडू. घरभर दोऱ्या बांधून त्यांना चिमट्यांनी ही माणसं टांगलेली असायची. पहिल्यांदा गेले तेव्हा एका परदेशी बाईचा फोरहँड माझ्या नाकाला लागला.

आवाज कायम बंद. "बोलणारे लय बोलतात वहिनी. डोळ्याचं काम कानाले काऊन द्यायचं?"

मंडईत दुधी निवडतानासुद्धा तो दोन्ही हातांत धरून, गुडघे वाकवून एक झोका दिल्याशिवाय चैन पडायची नाही. भाजीवाली म्हणाली, "घ्यायचा तर घ्या, इथं क्रिकेट नको." काका दुखावले. "क्रिकेट नाही बाई, बॅकहँड आहे."

ह्या सगळ्याला सोसायटी हसायची. हसली नाही ती एकटी आमची लेक गार्गी. शाळेतून आली की दप्तर टाकून ही सरळ वरच्या मजल्यावर, काकांकडे. क्लबात तिला टेनिस शिकवणारे सर होते, पण एकेका सरांच्या वाट्याला पोरांचा घोळका. काका तिच्या एका मनगटासाठी अख्खी संध्याकाळ द्यायचे. कंपाउंडच्या भिंतीवर ती चेंडू मारायची, काका बाजूला कागद घेऊन उभे. "पाह्य, हा माणूस कसा वळून राहिला अन् तू कशी वळून राहिली! रिवर्क!" आणि पोरगी खरंच सुधारली. माझी जीभ लांब असली तरी हे मी नाकारणार नाही.

त्यात काकांना एक उंच गोरा खेळाडू भलताच आवडला. हा बाबा सर्व्हिस करताना चेंडू वर टाकायचा, डावीकडे कमरेत कलायचा आणि क्षणभर तसाच थांबायचा. ते थांबणं दुसऱ्या कुणात नव्हतं. काकांनी त्याचे कागदच कागद उतरवले. "सगळी ताकद इथंच जमा होते गार्गे. धरण भरल्यासारखी." गार्गीने ते कलणं, ते थांबणं घोटून घोटून अंगात मुरवलं. गंमत म्हणजे ते लागूही पडलं. समोरच्या मुली चेंडू यायच्या आधीच उडी मारून मोकळ्या व्हायच्या. क्लबाच्या सरांनी भुवया उंचावल्या, पण जिंकणाऱ्या पोरीला कोण काय बोलणार?

अशा रीतीने ती जिल्ह्याच्या निवड सामन्याला पोचली. जिंकली की राज्याच्या शिबिरात. घरात दुसरा विषय नव्हता. आमचे हे सॉफ्टवेअरमधले, सुट्टीच्या दिवशीही कंपनीत. त्यांनीसुद्धा रविवार मोकळा ठेवला होता.

शनिवारी संध्याकाळी मी गार्गीला जेवायला बोलवायला वर गेले. तिघंही टीव्हीसमोर, म्हणजे ती, काका आणि तो गोरा. तेवढ्यात लाइट गेले. थोड्या वेळाने आले, काकांनी पुन्हा टेप लावली, आणि टीव्ही जो काही बोंबलायला लागला! लाइट जाऊन आल्यामुळे बंद केलेला आवाज आपोआप सुरू झाला होता. काका रिमोट शोधतायत आणि कॉमेंट्री करणारा साहेब इंग्रजीत सांगतोय: कमरेचं दुखणं अजून गेलेलं नाही याचं. बघा बिचारा कसा अंग चोरतोय, मध्येच थांबावं लागतंय त्याला. असंच चालू ठेवलं तर पाठीचं वाटोळं होईल.

काकांना रिमोट सापडला होता. पण त्यांनी आवाज बंद केला नाही. पुढची सर्व्हिस आली, तोच थांबा आला, आणि ह्या वेळी त्या माणसाचा विव्हळल्याचा आवाजही आला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, तुम्ही माझ्या पोरीला दुखणं शिकवलंत? सर्व्हिस म्हणून?"

काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते गार्गीसमोर खाली बसले. "गार्गी, कंबर दुखते?"

"नाही."

"खरं सांग बेटा."

"नाही म्हटलं ना!" ती उठली. उठताना तिने खुर्चीचा हात धरला. तेरा वर्षांची पोर, खुर्चीचा हात धरून उठली. काकांनी पाहिलं, मीही पाहिलं.

"वहिनी, उद्या पाठवू नका तिले," काका म्हणाले. तोंड पांढरंफटक पडलेलं.

खाली येऊन महाभारत झालं. गार्गी म्हणे, मी खेळणार म्हणजे खेळणार. हे म्हणाले, इतकी मेहनत केलीय, जुन्या साध्या सर्व्हिसने खेळू दे, दुखलं तर थांबेल. तिने देवाशपथ वचन दिलं. मी आई. मला ती जिंकायलाही हवी होती आणि तिची पाठही हवी होती. सकाळी आम्ही निघालो तेव्हा फाटकाशी काका उभे, इस्त्रीचा शर्ट घालून. न विचारता मागच्या सीटवर येऊन बसले.

पहिला सेट साध्या सर्व्हिसने सुखरूप निघाला. तिने घेतलासुद्धा. दुसऱ्यात समोरची मुलगी सावरली आणि भराभर पुढे गेली. गार्गीने ओठ चावला. मला माझी पोर कळते, आता ही ऐकायची नाही हे मला कळलं. चेंडू वर गेला, ती कलली, थांबली. पॉइंट! टाळ्या पडल्या. पुन्हा कलली, पुन्हा पॉइंट. पण तिसऱ्याला तिचा डावा हात हळूच कमरेवर गेला.

"गार्गे, बस कर!" काका ओरडले. प्रेक्षकांतून सूचना द्यायला बंदी असते. पंचांनी ताकीद दिली. आमच्या ह्यांनी काकांचा दंड धरून खाली बसवलं. "काका, जिंकतेय ती!"

"म्हणूनच तर थांबत नाही ना!"

मी उठायला लागले. गार्गीने चेंडू जमिनीवर आपटला, एकदा डोळे मिटले. कधी ह्यांच्या हातातून सुटले आणि कधी जाळीचं दार उघडलं कोण जाणे, काका चपला फटफटवत कोर्टात. पंच ओरडतायत, गार्गीचा चेंडू वर गेलेला, ती कमरेत कलतेय. काकांनी तो चेंडू वरच्या वर झेलला. आयुष्यात पहिल्यांदा टेनिसच्या कोर्टावर पाय ठेवला, तो असा.

"माही चूक आहे साहेब," ते पंचांना म्हणाले. "पोरीची नाही. मी चुकीचा माल पास केला."

सामना समोरच्या मुलीला दिला. दुसरं काय होणार? गार्गीने रॅकेट फेकली. "तुमच्यामुळे गेलं! मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही!" असं किंचाळली आणि मग तिला सरळ उभं राहता येईना.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्याला तडा जायच्या बेतात होता. "हिला कुणी थांबवलं?" त्यांनी विचारलं. "वरच्या काकांनी," मी म्हटलं. "त्यांचे आभार माना. आणखी एखादा असा सामना खेळली असती तर रॅकेट विसरायची वेळ होती." गार्गी छताकडे बघत पडलेली. तिला पट्टा आला, सक्तीची विश्रांती आली, शाळासुद्धा काही दिवस बंद.

काका आमच्याकडे फिरकले नाहीत. जिन्यात भेटले तर हात जोडायचे आणि भिंतीला लागून उभे राहायचे. मीच अधूनमधून डबा पाठवायची. घरातल्या दोऱ्या निघाल्या होत्या, व्हीसीआरवर फडकं पडलं होतं. कुणाच्या आमटीला ते नावं ठेवीनात, तेव्हा सोसायटीला चुकल्यासारखं व्हायला लागलं. आणि वॉचमनने एक नवीनच तक्रार आणली: वानखडे साहेब संध्याकाळी दार सताड उघडं टाकून बसतात, उद्या चोरी झाली तर मला बोलू नका. सेक्रेटरींनी सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. काका 'हो हो' म्हणायचे आणि दार उघडंच. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, म्हणून मी नाद सोडला.

एका संध्याकाळी मी थालीपिठं घेऊन वर निघाले होते. गार्गी आतून आली. पट्टा बांधलेला, चेहरा तसाच फुगलेला.

"दे. मी नेते."

मी डबा दिला. ती कठड्याला धरून सावकाश चढली, आणि मी आमच्या दारात चोरासारखी उभी राहिले. वर तिची पावलं थांबली.

"काका," ती म्हणाली, जरा रागातच, "दार उघडं का ठेवता हो तुम्ही? चोर येतील ना!"

काकांचा आवाज इतका बारीक आला की मला कान द्यावा लागला.

"तू बेल थोडीच वाजवणार होती गार्गे? बंद दिसलं असतं तर परत गेली असती."