भाषेच्या रकान्यातली मंजूर उत्तरं

माणसाला स्वातंत्र्य जरूर द्यावं, पण आधी त्याची यादी करावी. या तत्त्वावर दोनच संस्था टिकून आहेत: तहसील कचेरी आणि लिनक्सचा पॅकेज मॅनेजर.

पॅकेज मॅनेजर म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसून प्रोग्रॅम बांधून देणारा कारकून. आपण रकान्यात उत्तर भरायचं. ते मंजूर यादीत असलं तर तो बांधतो, नसलं तर नम्रपणे हाकलतो. (कचेरीत नम्रपणाची सोय नाही.)

तेलुगू मुलखातल्या नेरडीगोंड्याच्या हर्षदीपनं धडे वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला, तो मोठी बहीण भाग्यश्री शिकवते त्या मराठी शाळेसाठी. मुलं अकरा. सोमवारच्या तपासणीत कॉम्प्युटरनं धडा वाचला तर शाळा राहणार, नाहीतर दुसऱ्या शाळेत विलीन.

फक्त प्रोग्रॅम बांधताना भरायच्या ‘भाषा’ या रकान्याची मंजूर उत्तरं ठरवायची राहिली होती. हे काम वडिलांनी, नागोरावांनी, ताब्यात घेतलं. तहसीलीत एकतीस वर्षं काढलेला माणूस.

“रकाना मोकळा सोडू नोको,” ते म्हणाले. “धंद्याच्या रकान्यात एकानं ‘मंदा हाये’ लिवलं होतं.”

तीन बैठका झाल्या. (दोन चहाच्या.) यादी ठरली: तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी, इतर. घरानं आजवर भरलेल्या २१४ फॉर्मांत हाच क्रम असल्यानं कुणालाच काही खटकलं नाही. हर्षदीपनं चाचणी घेतली ती पहिल्या उत्तरावर, आणि ती शंभर टक्के यशस्वी झाली.

सोमवारी साहेबांसमोर भाग्यश्रीनं भरलं: मराठी. पडद्यावर आलं: ‘हे उत्तर मंजूर नाही.’

तिनं फोन लावला. “हर्ष्या, हे मराठीले नाई म्हनून राह्यलं! यादी कोनं केली?”

“आपल्या बाबानं.”

मागून नागोराव म्हणाले, “इतर लिव न माय. आपलं तेच असते.”

तिनं ‘इतर’ लिहिलं. प्रोग्रॅम फटकन बांधला गेला. मात्र ‘इतर’चा आवाज कुणी भरलाच नव्हता, म्हणून त्यानं अख्खा धडा मूकपणे वाचला. अकरा मुलांनी ओळीवर बोट ठेवून तो ऐकला.

साहेबांनी शेरा मारला: ‘शिस्त अत्युत्तम. शाळा चालू ठेवावी. माध्यम: इतर.’

ही कथा आवडली का, याचीही मंजूर उत्तरं ठरली आहेत: हो, फार, इतर. तुम्ही त्रास घेऊ नका. मराठी वाचकांचं नागोरावांनी आधीच भरून टाकलंय.