चष्मा, फोन, फेटा आणि धोंडोपंत

एका जंगलात धोंडोपंत नावाचं एक अस्वल राहत होतं. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. मागच्या वेळी असंच कुणीतरी मधे बोललं आणि माझी अख्खी गोष्टच हरवली.

तर धोंडोपंतांची कुठलीही वस्तू वेळेवर सापडत नसे. पण त्यांनी स्वतः आयुष्यात काहीही हरवलं नव्हतं. ते फक्त गुहेच्या मधोमध उभे राहून ओरडत, "अगं, कुठं ठेवलास तू माझा चष्मा?"

मग त्यांची बायको चिमाबाई हातातलं काम टाकून धावत येई. त्यांच्याच कपाळावरचा चष्मा ओढून नाकावर बसवी.

"बघ, तुलाच माहीत होतं," धोंडोपंत म्हणत.

हसताय काय? घरी जाऊन आपापले बाबा बघा.

एकदा ओढ्यापलीकडच्या डोंगरावर चिमाबाईच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. मुहूर्त दुपारचा. मधल्या बहिणीच्या लग्नात ती अक्षता पडून गेल्यावर पोचली होती, कारण धोंडोपंतांचा एक मोजा सापडत नव्हता. म्हणून या वेळी तिनं सकाळीच आवरलं.

"तू हो पुढे, मी आलोच," धोंडोपंत म्हणाले.

ती ओढ्यापर्यंत पोचली, तोच मागून हाक आली. "अगं, फोन कुठं ठेवलास?"

ती परत आली. दहा मिस्ड कॉल दिले. फोन सायलेंटवर होता आणि मधाच्या बरणीत होता. ती पुन्हा निघाली.

"अगं, फेटा?"

फेट्यावर धोंडोपंत स्वतःच बसले होते. एव्हाना ऊन डोक्यावर आलं. डोंगरावरून सनई ऐकू यायला लागली. चिमाबाईला रडूच कोसळलं.

"रडतेस काय? वस्तू जपून ठेवायची सवय लाव जरा," धोंडोपंत म्हणाले.

चिमाबाईनं डोळे पुसले. गुहेजवळच्या वडाला मोठी ढोली होती. तिनं तिथं चष्मा ठेवला, फोन ठेवला, फेटा ठेवला, मधाच्या दोन बरण्या ठेवल्या. मग हात धरून धोंडोपंतांनाही ठेवलं.

"मी येईपर्यंत हलू नका हं," असं म्हणून ती जी पळत सुटली, ती थेट मांडवात. पहिली अक्षता तिनंच टाकली.

"जावईबापू कुठायत?" आईनं विचारलं.

"अगं, इतके जपून ठेवलेत ना, की कुठं ते आठवतच नाहीये!" चिमाबाई म्हणाली आणि जेवायला बसली. जिलबी तिनं तीनदा मागून घेतली.

आठ दिवस ती माहेरी राहिली. नवव्या दिवशी परतताना वडाजवळ आली, तर ढोलीतून आवाज आला, "अगं, कुठं ठेवलंस तू मला?"

"तिथंच असाल," चिमाबाई न थांबता म्हणाली. "नीट बघा."

तात्पर्य : प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवावी, असं तुमच्या पुस्तकात असेल. साफ चूक. वस्तू खुशाल कुठंही पडू द्याव्यात. त्या कुठं आहेत म्हणून जो सारखा ओरडतो, त्याला जागच्या जागी ठेवावं.

चला, पळा आता. आणि माझा चष्मा ज्यानं कुणी लपवलाय, त्यानं तो मुकाट्यानं आणून द्यावा. माझ्या कपाळाकडे बघून हसताय काय, मेल्यांनो?