विमलकाकूंची पळवाट

आमच्या शेजारच्या विमलकाकूंनी परवा तीन तोंडांचा, आग ओकणारा राक्षस एका गोगलगायीकडून मारला. मोबाईलमध्ये हो! पण मी साखर मागायला गेले होते, ती रिकामी वाटी हातात धरून तशीच उभी राहिले.

राहात्यात पेरूची बाग सांभाळणारी ही साठीची बाई. कमरेला पदर खोचलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मोबाईलमध्ये राक्षसांची झुंज जुंपलेली!

"अहो काकू, गोगलगायीनं कसा मारला?"

"कसा म्हंजे? आदी त्याला इख चारलं, मग शंखात जाऊन बसली. शंखात मार लागत न्हाई. त्यो बसला आग ओकत, इखानं आपसूक मेला."

"अगं बाई, ही तर लबाडी झाली!"

"लबाडी न्हाई, पळवाट हाय. गेम करनाऱ्यानं ठिवली, म्या निस्ती वापरली."

हे त्यांचं पेटंट वाक्य. त्या गेममध्ये एक मेली चेटकीण आहे, ती समोरच्याला झोपवते आणि मग बडवते. काकूंनी काय करावं? लढाईआधीच आपल्या राक्षसांतलं अस्वल झोपवून टाकलं! निजलेल्याला आणखी काय निजवणार? वर त्या खेळात घोरण्याचाही मार लागतो म्हणे. अस्वल घोरलं, चेटकीण आडवी. मी कपाळाला हात लावला.

"आमचे मालक आसंच घोरायचे," काकू म्हणाल्या. "तवाच म्या वळखलं हुतं, हे हत्यार हाय."

काका गेले, तेव्हा चेन्नईला नोकरी करणाऱ्या सागरनं, त्यांच्या मुलानं, आईला हा नाद लावून दिला. रविवारी दुपारी मायलेकांची लढत असते, फोनवर बोलत बोलत.

गेल्या रविवारी मी तिथंच होते. बघते तर काय, दोघांच्याही गोगलगायी शंखात! कोणी कोणाला मारेना, लढत काही संपेना. शंखातही डंख मारणारा विंचू काकूंकडं होता, मला त्यांनीच दाखवला होता. मी त्यांच्या कानाशी लागले, "सोडा की विंचू! एका डंखात जिंकाल."

"जिकलं की त्यो म्हनतो, चल आई, ठिवतो. आसं चालू ऱ्हायलं की बोलत बसतो. काय खाल्लं, कुनासंगं भांडला, समदं सांगतो," काकू माझ्या कानात कुजबुजल्या.

तिकडून सागर सांगतच होता, खोलीतला पंखा बिघडलाय, खानावळीतल्या सांबाराचा वीट आलाय, साहेब खडूस आहे. काकू मान डोलवत होत्या, जसं काही तो समोरच बसलाय.

तेवढ्यात माझी नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली. तिथं सागरचे राक्षस ओळीनं दिसत होते. मी उडालेच.

"अहो काकू, विंचू तर त्याच्याकडंपण आहे! मग तो का नाही सोडत?"

काकूंनी चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"गप बस गं," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला वाटतंय, त्याचा इंचू मला दिसलाच न्हाई."