बरं, पुढे जाऊया

चार वर्षांच्या मुलांची बुद्धी मोजणारी नवी चाचणी घरात आली आणि पहिला बळी आजीचा गेला. आई चाचणी केंद्रात परीक्षक होती. प्रश्न सगळ्यांना शब्दशः सारखे विचारायचे, वेळ मोजायची, उत्तर काहीही आलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही, नुसतं 'बरं, पुढे जाऊया' म्हणायचं, असा नियम. तो अंगवळणी पडावा म्हणून ती रोज संध्याकाळी सासूबाईंना समोर बसवी. मांडीवर चार वर्षांची लेक चिमणी, तिच्या हातात सेकंद मोजायचं घड्याळ.

"घरात धूर दिसला तर काय कराल?"

"सूनबाई स्वयंपाकाला लागली असं समजेन," सासूबाई म्हणाल्या.

"बरं, पुढे जाऊया."

"अगं, पण बरोबर की चूक?"

"ते सांगायचं नसतं."

पंधरवडाभर हे चाललं. मग कळलं, की चिमणीला जिथं घालायचं त्या शाळेनं प्रवेशासाठी हीच चाचणी विकत घेतली आहे. शाळा घराला लागून होती. तिथं जागा मिळाली तरच लांबची ने-आण टळून आईची नोकरी टिकणार होती. तरीही तिनं मुख्याध्यापिकाबाईंना जाऊन सांगितलं, की मुलीनं प्रश्न ऐकलेत, तिचे गुण खरे धरू नका. नियम सगळ्यांना सारखा, असं म्हणून बाईंनी तिला वाटेला लावलं.

पोरीला पैकीच्या पैकी मिळणार, ही आईची धास्ती मात्र फुकट गेली. परीक्षक नवशिका तरुण होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला. चिमणीनं शांतपणे ऐकून घेतला.

"बरं, पुढे जाऊया," ती म्हणाली.

तीसच्या तीस प्रश्नांना तेच. शेवटी तो चष्मा पुसायला थांबला, तेवढ्यात तिनं घड्याळ उचललं आणि त्याला धुराचं विचारलं. धूर कुठल्या खोलीत, याचा विचार करता करता त्याची वेळ संपली. तिच्या नावापुढे त्यानं शून्य लिहिलं. स्वतःचे गुण कुठेच लिहिले नाहीत.

"पंधरा दिवसांनी पुन्हा घेऊ," बाई म्हणाल्या. पुन्हा शून्यच आलं.

आई चिमणीला घेऊन बाईंपुढे बसली. बाई तर खूश होत्या. दोन्ही वेळा शून्य, एका गुणाचा फरक नाही, इतकी भरवशाची चाचणी त्यांनी वीस वर्षांत पाहिली नव्हती.

"फूटपट्टी कितीही भरवशाची असली, तरी तिनं ताप मोजता येत नाही, बाई," आई म्हणाली.

बाईंनी अर्ज नाकारलेल्यांच्या गठ्ठ्याकडे सरकवला. चिमणीनं टेबलावरचं चाचणीचं घड्याळ ओढून घेतलं.

"घरात धूर दिसला तर काय कराल?"

बाई हसल्या. "शिपायाला बघायला पाठवीन."

"बरं, पुढे जाऊया."

चौथ्या प्रश्नाला बाईंचं हसू ओसरलं. सातव्याला त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ते शिपायाचं बरोबर होतं ना गं?"

"ते सांगायचं नसतं."

बाईंनी आईकडे पाहिलं. आईनं सवयीनं चेहरा कोरा ठेवला. मग सगळी मुलं काही एका मापानं मोजता येत नाहीत, असं पुटपुटत बाईंनी अर्ज परत ओढला, 'प्रवेश द्यावा' असा शेरा मारून सही केली आणि टेबलावर ओणवून आवाज खाली आणला.

"आता तरी सांग. मला किती?"

चिमणीनं घड्याळाचं बटण दाबलं.

"पंधरा दिवसांनी पुन्हा घेऊ."